दहा मीटरची एअर रायफल रेंज, औसा तालुका: प्रकल्प नोंदी

16 डिसेंबर 2024: काय बांधायचं, काय नाही

जागा खासगी, सातबाऱ्यावर नाव स्वच्छ, लातूर–औसा रस्त्यापासून आत. तिन्ही बाजूंना दुसऱ्यांची शेतं, एका बाजूला गाडीवाट. इथेच पहिला निर्णय झाला. .22 च्या स्मॉलबोअर रायफलची गोळी नळी थोडी वर गेली तर दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. तेवढी मोकळी, निर्मनुष्य जमीन इथे नाही. मागे मातीचा उंच बांध घातला तरी बांधावरून सुटलेल्या गोळीचा प्रश्न उरतोच. म्हणून .22 साठी लागणाऱ्या 50 मीटरच्या रेंजचा विचार बंद. फक्त 10 मीटर, फक्त 4.5 मिमीची हवाई बंदूक, आणि तीही बंद शेडमध्ये.

सहा लेन. आंतरराष्ट्रीय नियमात 10 मीटरसाठी एका जागेची रुंदी किमान 1 मीटर आहे. शिकाऊ मुलं आणि त्यांच्यामागे उभा राहणारा प्रशिक्षक धरून 1.25 मीटर ठेवली. सहाचे 7.5 मीटर, दोन्ही कडांना अर्धा-अर्धा मीटर, म्हणजे आतली रुंदी 8.5 मीटर. लांबीत 10 मीटर अंतर, टार्गेटमागे छर्रा अडवणारी पेटी आणि पडद्याला 1 मीटर, नेमबाजाला 2 मीटर, बसायला आणि कपाटांना 3 मीटर. एकूण 16. मिस्त्रींच्या भाषेत 28 बाय साडेबावन्न फूट.

27 डिसेंबर: कागदपत्रं

शस्त्र कायदा 1959 आणि शस्त्र नियम 2016. नळीचा बोअर (आतला व्यास) 4.5 मिमीपर्यंत आणि ऊर्जा 20 ज्यूलपर्यंत असेल तर हवाई बंदुकीला परवाना लागत नाही. दोन्हींपैकी एक जरी ओलांडलं तर लागतो. 5.5 मिमीची बंदूक कितीही मंद असली तरी ती या शेडमध्ये येणार नाही, हे नियमपत्रकात सगळ्यात वर लिहिलं. गावाकडे जुन्या घरात अशी एखादी बंदूक असतेच आणि पोरं ती घेऊन येतातच.

जमिनीचं प्रकरण वेगळं. शेतमालाची शेड आणि फी घेऊन चालवलेला वर्ग यांत महसूल खातं फरक करतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 खाली अकृषिक वापराचा अर्ज केला, फक्त शेड आणि पार्किंग एवढ्याच क्षेत्रापुरता. सोबत सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा, शेडचा आराखडा. ग्रामपंचायतीचं ना हरकत पत्र घेतलं. पोलीस ठाण्याला लेखी माहिती दिली: जागा, बंदुकांचा प्रकार आणि अनुक्रमांक, जबाबदार माणसाचं नाव, वेळा. पोचेवर शिक्का घेऊन ती फाइलला लावली. परवाना लागत नसला तरी हे पत्र द्यावंच, कारण रात्री कोणी "शेतात गोळीबार चाललाय" म्हणून फोन केला की ठाण्यात आधीपासून कागद असलेला बरा.

स्पर्धेत उतरायचं तर जिल्हा संघटना, तिच्यावर महाराष्ट्र रायफल असोसिएशन आणि तिच्यावर 1951 पासूनची नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया, अशी साखळी आहे. संलग्नतेचा अर्ज शेड उभी राहिल्यावर करायचा.

11 जानेवारी 2025: आखणी

नेमबाजाचं तोंड उत्तरेला. आपल्याकडे सूर्य वर्षातला बहुतेक काळ दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे उजेड पाठीमागून येतो, डोळ्यांत येत नाही. पूर्व-पश्चिम लांबी ठेवली तर रोज एका वेळेला निम्मी शेड निरुपयोगी होते.

दार, खिडक्या, झरोके सगळे फायरिंग लाइनच्या, म्हणजे नेमबाज जिच्यामागे उभा राहतो त्या रेघेच्या, मागे. लाइनपुढच्या तिन्ही भिंतींत, छताजवळचे ढालीआडचे दोन एक्झॉस्ट सोडले तर, एकही उघडं भोक नाही, उत्तरेच्या भिंतीत सामान ठेवायला छोटं दारही नाही. असं दार पुढे कोणीतरी, कधीतरी, सराव चालू असताना उघडतं.

काटकोन 3-4-5 मापाच्या त्रिकोणाने काढला, मग दोन्ही कर्ण मोजले. 18.12 मीटर यायला हवेत. दोहोंत 1 सेंमीपेक्षा जास्त फरक असेल तर खुंट्या हलवायच्या. चौकोन तिरका झाला तर एका टोकाच्या लेनला अंतर बसतं आणि दुसऱ्या टोकाला मोडतं. नियमात 10 मीटरला अधिक-उणे 5 सेंमी चालतात, पण ती सूट आखणीतच खर्च केली तर पेटी बसवताना हातात काही राहत नाही.

29 जानेवारी: पाया

वर काळी माती, खाली पिवळसर मुरूम, त्याखाली कडक मुरूम. मराठवाड्यातल्या बांधकामाचं निम्मं गणित या मातीत आहे. पावसात पाणी पिऊन फुगते, मार्च-एप्रिलमध्ये हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर सरळ फरशी टाकली की पहिल्याच पावसाळ्यात मधोमध फुगवटा येतो. घरात तो चालवून घेतात. रेंजमध्ये उंची नेमबाजाच्या पायाखालच्या फरशीपासून मोजतात, त्यामुळे तो चालत नाही.

दहा कॉलम, लांबीत दर 4 मीटरला एक. खड्डे 1.5 बाय 1.5 मीटर, खोली 1.8, म्हणजे तळ कडक मुरमात. पहारीने ठोकून पाहिलं: आवाज खणखणीत आणि पहार जेमतेम बोटभर जाते तिथे थांबलो. दोन खड्ड्यांत मऊ जागा लागली, ती आणखी 30 सेंमी खोदून 1:4:8 च्या (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटने भरून घेतली.

प्लिंथ बीमखाली, म्हणजे जोत्याच्या आडव्या बीमखाली, 10 सेंमी पोकळी ठेवली. बीम कॉलमवर टेकतो, मातीवर नाही. माती फुगली की त्या पोकळीत येते. मिस्त्री लोकांना ही पोकळी पटत नाही, ते संध्याकाळी उरलेला माल तिच्यात ढकलून देतात. म्हणून बीम भरल्यावर खाली बांबू घालून दोन्ही टोकांना आरपार जातो की नाही हे पाहणं कामाच्या यादीतच घातलं.

औसा तालुक्यातच किल्लारी आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाच्या वेळी हा भाग नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, नंतर तो झोन 3 मध्ये घेतला. विटांच्या भिंतीला प्लिंथ, लिंटेल (दार-खिडक्यांच्या वर) आणि छताखाली असे तीन सलग काँक्रीटचे पट्टे आराखड्यात आहेत. खिडक्या नसलेल्या भागातही लिंटेल पट्टा तोडायचा नाही.

20 फेब्रुवारी: भरणी

आतली काळी माती 60 सेंमी काढून टाकली. ती शेजारच्या शेतात गेली, तिथे तिला किंमत आहे. फरशी जमिनीपासून 45 सेंमी वर घ्यायची, त्यातले 20 सेंमी काँक्रीट, म्हणून मुरमाची भरणी 85 सेंमी. 136 चौरस मीटरला 115 घनमीटरच्या थोडं वर. धुम्मस झाल्यावर मुरूम बसतो म्हणून चौथा हिस्सा जास्त धरला. सुमारे 51 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट).

15 सेंमीचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि छोटा रोलर. मुरूम वाळका असेल तर रोलर नुसता धूळ उडवतो. फार ओला झाला तर चाकाला चिकटून वर येतो. मूठ आवळल्यावर गोळा व्हावा आणि उंचावरून टाकला की फुटावा, एवढाच ओलावा.

एका ट्रिपमध्ये मुरमात काळी माती मिसळलेली निघाली. रंग पटकन कळत नाही. बादलीत ढेकूळ टाकून पाहिलं: मुरूम विरघळून तळाला बसतो, काळ्या मातीचं पाणी गढूळ आणि चिकट राहतं. ती ट्रिप परत पाठवली.

14 मार्च: भिंती

उत्तरेची भिंत 9 इंची, बाजूच्याही तशाच. 4.5 मिमीचा छर्रा अशा भिंतीला काही करत नाही. भिंतीची जाडी छतासाठी आणि उन्हासाठी आहे. क्युरिंगला टँकरचं पाणी, दिवसातून दोनदा, ओली पोती लटकवून. पोती नसतील तर मारलेलं पाणी अर्ध्या तासात वाळतं.

2 एप्रिल: छप्पर आणि हवा

पाइपचे ट्रस, वर 50 मिमीचे पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम). नुसता पत्रा स्वस्त पडतो, पण मेमध्ये बाहेर 42 असताना पत्र्याखाली जाड जाकीट घालून उभं राहणं अशक्य होतं. रायफल नेमबाजाचं जाकीट कॅनव्हास आणि चामड्याचं असतं, त्यात हवा खेळत नाही.

हवेची दिशा नेमबाजाकडून टार्गेटकडे. दक्षिणेच्या भिंतीत खाली जाळीचे झरोके, उत्तरेला छताजवळ दोन 12 इंची एक्झॉस्ट, त्यांच्यापुढे तिरकी पत्र्याची ढाल. पेटीत शिशाची बारीक भुकटी होते, ती मुलांच्या तोंडावर येऊ नये यासाठी ही दिशा. लेनवर छताचे पंखे नाहीत, कागद हलतो. पंखे फक्त बसायच्या जागेवर. पाण्याचा कूलर लावायचा मोह इथे सगळ्यांना होतो, पण त्याने टार्गेटचा कागद ओलसर होऊन वाकतो आणि छर्ऱ्याचं भोक गोल न पडता फाटतं. मग गुण मोजताना वाद.

13 एप्रिल: फरशी आणि फायरिंग लाइन

1:4:8 चं 10 सेंमी, वर एम-20 चं, म्हणजे जास्त मजबूत काँक्रीटचं, 10 सेंमी. फायरिंग पॉइंटची (नेमबाज उभा राहतो त्या जागेची) 2 मीटरची पट्टी उरलेल्या फरशीपासून सांध्याने वेगळी ठेवली. मागच्या भागात कोणी चाललं तर हादरा पुढे जात नाही. लाकडी फळ्यांचं व्यासपीठ नको, याचंही कारण तेच: शेजारचा वजन बदलतो आणि आपली नळी हलते.

वर शहाबादी लावायचा आग्रह होता. ती गुळगुळीत होत जाते आणि दोन फरश्यांच्या सांध्यावर पाय आला की नेमबाज डुगडुगतो. काँक्रीटवरच खरखरीत फिनिश ठेवलं. एका पॉइंटच्या आत 3 मिमीपेक्षा जास्त चढउतार नाही, सरळपट्टी आणि पाणलेव्हल लावून तपासलं.

लाइन म्हणून 5 सेंमी रुंद लाल पट्टी. अंतर मोजायचं ते पट्टीच्या नेमबाजाकडच्या कडेपासून टार्गेटच्या तोंडापर्यंत. कापडी टेप लांबते आणि मध्ये झोळ पडतो, म्हणून स्टीलची.

पश्चिमेच्या कॉलमवर फायरिंग पॉइंटच्या फरशीपासून बरोबर 1.40 मीटरवर छिन्नीने खूण केली, त्यात पितळी स्क्रू बसवला. टार्गेटवरच्या दहाच्या वर्तुळाचा मध्य याच उंचीवर, अधिक-उणे 5 सेंमी. सहाही लेनची उंची पाणलेव्हलने इथूनच काढायची. टार्गेटखालच्या फरशीवरून मोजायचं नाही, ती वेगळी बसू शकते.

24 एप्रिल: छर्रा पेट्या

सहा पेट्या, 3 मिमी पत्र्याच्या. तोंड 20 बाय 20 सेंमी, कारण पिस्तूलचं कार्ड 17 बाय 17 आहे. रायफलचं कार्ड 8 बाय 8, ते त्यात सहज मावतं. खोली 28 सेंमी. आत 45 अंशांत तिरकी पाटी, वरची कड नेमबाजाकडे झुकलेली, म्हणजे छर्रा आपटून खाली ट्रेमध्ये जातो. फॅब्रिकेटरला नमुना दिल्याशिवाय ही पाटी हमखास उलटी लागते. मग छर्रे वर उडून पेटीच्या छताला धडकतात आणि तुकडे तोंडातून बाहेर येतात.

वेल्डिंग बाहेरून. पहिल्या दोन पेट्यांत आतून टाका मारला होता, त्याचा उंचवटा पाटीच्या मधोमध आला. अशा उंचवट्यावर किंवा बोल्टच्या डोक्यावर पडलेला छर्रा कुठे जाईल सांगता येत नाही. ग्राइंडरने सपाट करून घेतला.

चाचणी अशी: पेटीपुढे 2 मीटरपर्यंत जमिनीवर पांढरा कागद अंथरायचा, चष्मा लावून 50 छर्रे मारायचे, मग कागदावरचे तुकडे पाहायचे. बारीक चुरा पेटीच्या तोंडापाशी पडतो, ते ठीक. हातभर पुढे चपटा तुकडा सापडला तर पाटीचा कोन किंवा टाका पुन्हा पाहायचा.

पेट्यांच्या मागे आणि आजूबाजूला भिंतीवर 19 मिमी प्लाय, त्यापुढे 10 सेंमी सोडून गोणपाटाचा दुहेरी पडदा, खालून मोकळा. ताणून बांधलेला पडदा छर्रा परत फेकतो, मोकळा सोडलेला त्याला गिळतो. शिकाऊ मुलाचे पहिले दहा छर्रे पेटीत कमी आणि पडद्यात जास्त जातात, त्यांच्यासाठीच हा सगळा खर्च.

स्टीलचे गोल बीबी छर्रे या रेंजमध्ये बंद. शिसं आपटलं की चपटं होतं आणि ऊर्जा तिथेच संपते. स्टील जसंच्या तसं परत येतं, दहा मीटरवरूनही. पिसांचे डार्टही बंद.

6 मे: तारा आणि कॅरिअर

इलेक्ट्रॉनिक टार्गेट आत्ता परवडत नाहीत. भिंतीत प्रत्येक लेनला दोन रिकाम्या नळ्या गाडून ठेवल्या आहेत, एक विजेला, एक केबलला. सध्या कागद आणि हाताचं चाक.

प्रत्येक लेनला 2.5 मिमीच्या दोन स्टील तारा, एकमेकींपासून 18 सेंमी, फरशीपासून 1.05 मीटरवर. कार्ड पुढे-मागे नेणाऱ्या कॅरिअरला चार रोलर आणि 35 सेंमीची उभी दांडी, तिच्यावर कार्डाचा चिमटा. तारा नळीच्या पुष्कळ खाली राहतात, नजरेच्या आड येत नाहीत. ओढायला 3 मिमी नायलॉनची फिरती दोरी आणि टेबलाशेजारी 25 सेंमी व्यासाचं चाक, साधारण 13 फेऱ्यांत कार्ड टोकाला.

पहिल्यांदा तारा टर्नबकलने (तार आवळायच्या पेचाने) ताणल्या. सकाळी बरोबर, दुपारी तीनला झोळ. दहा मीटर स्टील 25 अंशांनी तापलं की 3 मिमी वाढतं. ऐकायला किरकोळ, पण सरळ ताणलेल्या तारेचा ताण निघून गेला तर त्या 3 मिमीने मध्ये 10 सेंमीपर्यंत झोळ पडू शकतो. दुपारी आवळली तर रात्री ती इतकी ताणते की चौकटीचा चॅनल वाकतो.

टर्नबकल काढले. उत्तरेच्या टोकाला तार पुलीवरून खाली सोडली आणि तिला वजन लटकवलं. रंगाच्या 10 लिटरच्या बादलीत काँक्रीट ओतलं की सुमारे 24 किलो होतं. अशा बारा बादल्या. तार वाढो की आखडो, ताण तोच राहतो, मध्ये झोळ 2 सेंमी. वजनं जमिनीपासून 5 सेंमी वर, पुढे जाळी, कारण तार तुटली तर 24 किलो खाली येतं.

टोकाला कॅरिअर व्ही-खाचेत बसतो आणि चुंबक धरून ठेवतो. चुंबक नसेल तर उभी दांडी सात-आठ सेकंद डुलत राहते. कार्ड पेटीच्या तोंडापासून 4 सेंमी पुढे. अंतर सहाही लेनला 9.98 ते 10.01 मीटरच्या आत.

15 मे: उजेड

नियमात 10 मीटरच्या रेंजला टार्गेटवर किमान 1,500 लक्स (उजेडाचं माप) लागतात, 1,800 असले तर चांगलं. बाकी जागेत किमान 300, शक्यतो 500.

इलेक्ट्रिशियनने सवयीप्रमाणे 20 वॉटच्या एलईडी पट्ट्या लावल्या. टार्गेटवर 260 लक्स. डोळ्यांना लख्ख वाटतं, म्हणून मीटरशिवाय कोणी हे मान्य करत नाही. पट्टीचा उजेड चहूकडे पसरतो, कार्डावर थोडाच पडतो. 30 वॉटचे 60 अंशांच्या लेन्सचे फ्लडलाइट प्रत्येक लेनला एक, टार्गेटच्या 1 मीटर पुढे आणि 1 मीटर वर, लावले तेव्हा 1,050. तिथेच 50 वॉटचे लावल्यावर मधल्या चार लेनवर 1,720 ते 1,790. कडेच्या दोन लेनवर 1,580, कारण त्यांना एकाच बाजूचा शेजारी दिवा मदत करतो. त्या दोन दिव्यांना 15 सेंमी जवळ घेतलं, मग 1,700 च्या वर गेले.

दुकानात मिळणारे बहुतेक फ्लडलाइट 120 अंशांचे असतात. तेच 50 वॉट, पण कार्डावर निम्म्याहूनही कमी उजेड. खोक्यावर कोन लिहिलेला नसेल तर घ्यायचा नाही.

दिव्यांपुढे 30 सेंमीची आडवी फळी, म्हणजे नेमबाजाला दिवा दिसत नाही आणि चुकलेल्या छर्ऱ्यापासून काच वाचते. मागची भिंत फिकट, मॅट रंगाची. ऑइलपेंटची चमक बंदुकीच्या साइटमधून नेम धरताना काळ्या वर्तुळाची कड पुसट करते.

आणखी एक गोष्ट मीटरवर दिसत नाही: थरथर. हलक्या ड्रायव्हरचा दिवा सेकंदाला शंभरदा मंद-तेज होतो. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये कार्डाचं चित्रण केलं की पट्टे सरकताना दिसतात. सहापैकी दोन दिवे असे निघाले, दुकानदाराकडून बदलून घेतले. रायफल टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे आणि काळा भाग 30.5 मिमीचा. तासभर त्याच्याकडे पाहणाऱ्याचं डोकं अशा दिव्याने दुखतं आणि कारण कळत नाही.

23 मे: वीज

टार्गेटचे 300 वॉट, बाकी दिवे 200. दोन 150 अँपिअर-तासाच्या बॅटऱ्या निम्म्यापर्यंतच वापरल्या तर तीन तास. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच, चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर चांगले दिवेही थरथरतात. एक्झॉस्ट पंखे इन्व्हर्टरवर नाहीत. दिवे गेले की नियम एकच: बोट ट्रिगरवरून बाहेर, नळी टार्गेटकडेच, कोणी जागा सोडायची नाही.

30 मे: बंदुका, छर्रे, हवा

प्रत्येक बंदूक क्रोनोग्राफवर (छर्ऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) मोजून वहीत नोंदली. सपाट डोक्याचा 0.53 ग्रॅमचा छर्रा, वेग 172 मीटर प्रतिसेकंद, ऊर्जा 7.8 ज्यूल. स्पर्धेच्या रायफली याच आसपास असतात, 20 च्या मर्यादेच्या पुष्कळ खाली.

ज्यांच्या जाहिरातीत "1000 फूट वेग" असतं त्या स्प्रिंगच्या बंदुकांकडे मात्र नीट पाहावं लागतं. 0.53 ग्रॅमच्या छर्ऱ्याला 20 ज्यूलची मर्यादा सेकंदाला 275 मीटरवर, म्हणजे सुमारे 900 फुटांवर येते. हजार फुटांना तोच छर्रा 24.6 ज्यूल होतो. पण जाहिरातीतला वेग बहुधा हलक्या मिश्रधातूच्या छर्ऱ्याने काढलेला असतो. तो 0.35 ग्रॅमचा असेल तर हजार फुटांनाही 16 ज्यूलच. खोक्यावरच्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. आपण वापरणार त्या छर्ऱ्याने मोजायचं, दहा फेरींची, म्हणजे दहा झाडलेल्या छर्ऱ्यांची, वही ठेवायची आणि सगळ्यात जास्त आकडा धरायचा.

हवेच्या सिलिंडरचा दाब 200 बार. पाठीवर तारीख कोरलेली असते, उत्पादक दहा वर्षं धरतात, तारीख उलटलेला सिलिंडर भरायचा नाही. भरण्याच्या मोठ्या बाटलीची हायड्रोटेस्टची (पाण्याच्या दाबाखालच्या चाचणीची) तारीख वेगळी पाहायची. हातपंपाने भरताना पाच मिनिटं पंप, पाच मिनिटं थांबणं. गरम पंपात ओल धरते आणि ती सिलिंडरमध्ये जाते. जोडणीला तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, दाबाखाली तेलाची वाफ पेट घेते. सील बदलताना फक्त उत्पादकाचं सिलिकॉन.

स्प्रिंगची बंदूक छर्ऱ्याशिवाय उडवायची नाही. पुढे हवेची गादी नसली की पिस्टन थेट धातूवर आदळतो.

8 जून: पहिला सराव

कपाट लोखंडी, दोन कुलपं, किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे. बंदूक कपाटातून निघाली की नळीत केशरी सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण), लाइनवर आल्यावरच तो काढायचा. आज्ञा चारच: लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड. "थांबा" मात्र कोणीही ओरडू शकतं, सहा वर्षांचं पोरही, आणि सगळ्यांनी थांबायचं. कार्ड चाकानेच येतं-जातं, त्यामुळे लाइनपुढे जायची वेळ एरवी येत नाही. चाक अडकलं तर सगळ्या बंदुका रिकाम्या, फ्लॅग लावून टेबलावर, मागे लाल दिवा, मगच एक माणूस पुढे. चष्मा बघ्यांनाही.

टेबलाची उंची 75 सेंमी. नियमात 70 ते 80 आहे. लहान मुलांसाठी टेबल खाली करण्यापेक्षा पायाखाली पाट देण्याचा सल्ला आला, तो फेटाळला. पाट डगमगतो आणि 1.40 ची उंचीही त्याच्यामुळे चुकते. त्यांना बसून, टेकणावर बंदूक ठेवून सुरुवात.

19 जुलै: पावसानंतरची मोजणी

पहिले मोठे पाऊस होऊन गेले. पितळी स्क्रूवरून सहाही लेन पुन्हा काढल्या. फायरिंग पॉइंट जिथल्या तिथे. टार्गेटकडच्या फरशीत पश्चिम कोपरा 4 मिमी वर. नियमाच्या दृष्टीने काहीच नाही, पण पाणी कुठून शिरतंय हे त्यातून कळतं. बाहेर पाहिलं तर त्या कोपऱ्यावर पन्हळीचा जोड सुटला होता आणि छताचं सगळं पाणी भिंतीच्या बुडाशी पडत होतं. भोवतीच्या 1 मीटरच्या फरसबंदीला तिथेच केसासारखी चीर.

जोड बसवला, चीर कापून डांबराने भरली, पाण्याची वाट 3 मीटर लांब चरात काढली. फरसबंदीचा उतार 40 ला 1 ठेवला आहे, तो पुरेसा दिसतो. कंपाउंडलगत कडुनिंबाची रोपं लावण्याचा विचार होता, ती शेडपासून निदान 10 मीटर लांब न्यायची. मुळं एका बाजूची माती कोरडी करतात आणि ती बाजू खचते.

टार्गेटचा कागद मऊ पडतोय. खोकी जमिनीवरून उचलून पत्र्याच्या पेटीत ठेवली, आत 40 वॉटचा बल्ब रात्रभर.

9 ऑगस्ट: शिसं

ट्रे उपसले. वहीत 11,400 फेरी, म्हणजे 0.53 ग्रॅमने साधारण 6 किलो. वजन भरलं 5.3. उरलेलं पडद्यात, प्लायमध्ये आणि जमिनीवर आहे, ते शोधायचं.

कोरडा झाडू नाही, त्याने भुकटी हवेत जाते. ओलं फडकं, मग ते फडकं बंद डब्यात. हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम आला की फडकं बंद. काम करणाऱ्याला रबरी हातमोजे आणि पी-100 किंवा त्या दर्जाचा मास्क, साधा कापडी नाही. ते कपडे घरी घेऊन जायचे नाहीत. रेंजमध्ये खाणं, चहा, तंबाखू बंद. छर्रे तोंडात धरायची सवय काही मुलांना असते, ती पहिल्याच दिवशी मोडायची. बाहेरच्या नळावर साबण ठेवला आहे आणि हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्यांच्या खोलीत प्रवेश नाही.

गोणपाटाचा आतला पडदा लेन 2 आणि 3 समोर चाळणीसारखा झालाय, बदलायला घेतला. जुना जाळायचा नाही, शिशाचा धूर होतो. तो आणि ट्रेमधलं शिसं वेगवेगळ्या झाकणाच्या डब्यांत, डब्यावर वजन आणि तारीख. शिसं नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पावती घेऊन द्यायचं, भंगारवाल्याच्या गाडीवर नाही. पुढचा उपसा 10,000 फेरींवर किंवा दिवाळीआधी, जे आधी येईल तेव्हा.